एक्केचाळीस नंबरचा वाचक

अकोल्यात बहिणीकडे राहून मी कचेरीत नुकताच कारकुनीला लागलो होतो. संध्याकाळी वाचनालयात जायचो. कादंबऱ्यांवर कायम झुंबड, आणि हाती लागलीच एखादी तर तिची शेवटची पाने गायब. वैतागून मी ‘संकीर्ण’ अशी पाटी असलेल्या कपाटाकडे वळलो. मधमाश्या, विहिरींचे झरे, ग्रहणे, संत्र्यांवरची कीड, वारसाहक्काचा कायदा, सगळे तिथे धूळ खात उभे होते. त्या कपाटाकडे कोणी फिरकत नसे.

एक जण सोडून. पुस्तकामागच्या चिठ्ठीवर नेणाऱ्याचा सभासद नंबर लिहायची पद्धत होती. दर चिठ्ठीवर माझ्या एकशे बाराच्या आधी एक्केचाळीस नंबर असायचाच. या न पाहिलेल्या माणसावर माझा जीव जडला. त्याने ग्रहणे वाचून परत केली की मी ती नेणार, हे ठरलेले.

मग एकदा क्षयरोगावरचे पुस्तक हाती आले. चिठ्ठीवर एक्केचाळीस, चार वेळा. मी ते घरी नेले आणि थुंकीतून रोग पसरतो असे लिहिलेल्या पानाशी थांबलो. माझे बोट तेव्हा जिभेवर होते. बोट ओले केल्याशिवाय मला पान उलटता येत नसे. त्या कपाटातले प्रत्येक पुस्तक मी असेच वाचले होते, एक्केचाळीसच्या पाठोपाठ.

पुस्तकात लिहिले होते, घाम येतो, भूक मरते. अकोल्याच्या मे महिन्यात घाम कोणाला येत नाही? पण मला माझा घाम वेगळा वाटू लागला. भूक तर भीतीनेच मेली. मी पाण्याचा पेला वेगळा ठेवला. बहिणीचे सहा महिन्यांचे बाळ माझ्याकडे झेप घ्यायचे आणि मी तोंड फिरवायचो. त्याला माझ्यामुळे काही झाले तर?

“काहून रे, पोराले हात नाही लावून राहिला?” बहिणीने विचारले.

“कचेरीतून दमून येतो,” मी म्हणालो. खरे सांगायची हिंमत नव्हती.

शेवटी ग्रंथपालांना विचारले, एक्केचाळीस नंबर कोण? त्यांनी समोरच्या बाकाकडे बोट केले. तिथे चांगला धडधाकट, चाळिशीचा माणूस बसला होता. माझा नंबर ऐकून तो हसतच उठला.

“तुमीच काय एकशे बारा? मी कवाचा इचार करून राहिलो, माह्या मागं कोन वाचते म्हून.”

मी क्षयाच्या पुस्तकाचे विचारले. आजार त्याच्या बायकोला होता. दोन वर्षे ती घरीच पडून होती. तिला करमावे म्हणून तो रोज वाचून दाखवायचा. कधी मधमाश्या, कधी ग्रहणे.

“तुमच्याबद्दल तिले सांगतलं मी,” तो म्हणाला. “चहाले या एक दिवस. दारातूनच बोला तिच्याशी. घरी कोनी येत नाही आता.” आणि हातातले पुस्तक त्याने माझ्यापुढे धरले. “हे तिले लई आवडलं.”

माझे दोन्ही हात पाठीमागे गेले. मी नेले नाहीत, ते गेले. त्याने ते पाहिले. खिशातून रुमाल काढला, पुस्तक दोन्ही बाजूंनी पुसले, टेबलावर ठेवले आणि तो दोन पावले मागे सरकला. त्याला याची सवय झालेली दिसत होती.

पुस्तक तिथेच सोडून मी निघालो. त्याच आठवड्यात दवाखान्यात छातीचा फोटो काढला. काहीही निघाले नाही. घरी येऊन बाळाला छातीशी धरले आणि बहिणीसमोर ढसाढसा रडलो.

चहाला मात्र मी गेलो नाही.