धोंड्याचा जावई आणि फिलिपिन्सचा गोल

मंगळवारी सकाळी सात वाजता जळगावच्या बसस्थानकावर आम्ही धुळ्याची गाडी पकडली, तेव्हा माझ्या अंगात दोन शर्ट होते. वरचा सासुरवाडीसाठी, कडक इस्त्रीचा. आतला फिलिपिन्सच्या फुटबॉल संघाचा. तो मुलीने दावाओहून पाठवलेला होता. बापाविषयीच्या आदरापोटी तिने माझं पोट दोन मापं कमी धरलं होतं, त्यामुळे श्वास जपून घ्यावा लागत होता.

निमित्त धोंड्याचं. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून पाटावर बसवायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. मागचा अधिक टाळेबंदीत गेला, म्हणून सासूबाईंची पाच वर्षांची हौस साठलेली. घरात सगळे त्यांना अक्का म्हणतात. या खेपेला मी पाटावर बसलो नसतो तर त्यांनी जळगावला पाट आणून मला बसवलं असतं.

पण नेमका त्याच दिवशी अकरा वाजता फिलिपिन्सच्या मुलींचा न्यूझीलंडशी सामना होता. विश्वचषकाचा.

डाळमिलमध्ये हिशेब लिहिणाऱ्या माणसाचा फिलिपिन्सशी काय संबंध, असं बायको सुमनही विचारते. शाळेत मी कबड्डीच्या संघात राखीव होतो, आणि राखीवच राहिलो. पण मुलगी, तेजू, डॉक्टरकीला फिलिपिन्समधल्या दावाओला गेली. पहिल्या वर्षी तिचा फोन आला की "जेवलीस का?" "हो." "काय?" "भात." एवढ्यावर बाप-लेकीचं बोलणं संपायचं, आणि तिचा आवाज मात्र रडून बसलेला असायचा. एकदा तिने सहज सांगितलं, की घरमालकीणबाई फुटबॉल लागला की टीव्हीशी भांडतात. मी विचारलं, "मग जिंकले का?" त्या दिवशी फोन वीस मिनिटं चालला. मी ठरवलं, हा संघ आपला.

वर्षानुवर्षं हरत आलेला संघ आपल्या डोळ्यांसमोर वर चढताना पाहण्यात जी मजा आहे, ती जिंकणाऱ्यांच्या मागे फिरण्यात नाही. ऑफसाइड मला तेजूने फोनवरून तीन वेळा शिकवला. चौथ्यांदा मी मिलमधल्या हमालांना शिकवला, चुकीचा. आणि आता या मुली पहिल्यांदाच विश्वचषकात पोचल्या होत्या. पहिला सामना दोन-शून्य हरल्या होत्या. जिंकणं माझ्या मनातही नव्हतं. फक्त एक गोल हवा होता, कारण विश्वचषकात फिलिपिन्सचा अजून एकही गोल नव्हता. तेजू म्हणाली होती, "पप्पा, एक तरी व्हायला पाहिजे हो."

एरंडोल मागे पडलं. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी कपाशी, मधूनच मक्याचे हिरवेगार पट्टे. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक नाना बसले होते. माझ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "धोंड्याले चालनात का, भाऊ?" (धोंड्याला निघालात का?)

"कसं ओळखलंत?"

"इतला इस्त्रीना शर्ट दुसरा कोनता कामले घालतस?"

पारोळ्याच्या पुढे गाडी पंक्चर झाली. ड्रायव्हर शांतपणे खाली उतरला, मी अशांतपणे. घड्याळात साडेनऊ. काळीपिवळी जीप दिसली तसा मी सुमनला आत ढकलून स्वतःला कोंबलं. तेवढ्यात इस्त्रीच्या शर्टची दोन बटणं उडाली आणि धुळ्यापर्यंत फिलिपिन्स बाहेर डोकावत राहिलं.

दारातच माझा मेहुणा, शरद, उभा होता. "भाऊजी, ही कोणती बनियन?"

"राष्ट्रीय," मी म्हणालो.

"कोणत्या राष्ट्राची?"

उत्तराला वेळ नव्हता. अकराला पाच कमी. अक्कांनी माझे पाय धुतले, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि आम्हा दोघांना पाटांवर बसवलं. मी हळूच मोबाइल पूजेच्या तांब्याला टेकवून उभा केला. सुमनच्या मांडीवर तिचा फोन, त्यावर तेजू.

"हे काय, जवाई?" अक्का.

"तुमची नात सोबत हवी ना, अक्का," मी म्हणालो. अर्धं तरी खरं होतं.

अक्का ताटात एकेक अनारसा ठेवू लागल्या. प्रत्येकाला हळद-कुंकू, प्रत्येकाला नमस्कार. सतरावा अनारसा त्यांच्या हातात होता तेव्हा सुमनच्या मांडीवरून किंकाळी आली. तेजू ओरडत होती. माझ्या मोबाइलवर मात्र चेंडू अजून मैदानाच्या कडेला होता. दावाओच्या टीव्हीवरचं चित्र आमच्यापेक्षा काही सेकंद पुढे धावत होतं. चेंडू उंच आला, एक मुलगी उडाली, डोकं लावलं आणि गोल!

मी "लाबान!" (लढा!) म्हणून ओरडलो आणि उठणार, तोच अक्कांनी अनारशाचा हात वर केला.

"हालू नका! जो जठे शे, तो तठेच ऱ्हाई!"

या घराचा तो जुना कायदा. क्रिकेटच्या कुठल्याशा अंतिम सामन्यात शरद पाणी प्यायला उठला आणि विकेट पडली, तेव्हापासूनचा. चांगलं घडलं तेव्हा जो जिथे होता, त्याने तिथेच राहायचं. फुटबॉलमध्ये ते तासभर चालतं हे अक्कांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

अक्का सतरावा अनारसा धरून बसल्या. शरदची बायको, वहिनी, निरांजन घेऊन. शरद दाराच्या चौकटीला टेकून. स्वयंपाकघरात पुरणाचे धोंडे आणि खापरावरचे मांडे (मोठ्या पातळ पुरणपोळ्या) निवत पडले, कारण जावयाआधी कोणी घास घेत नाही आणि जावई उठायचा नाही.

"आते किती ऱ्हायनं?" अक्का दर पाच मिनिटांनी.

"थोडंच," मी दर पाच मिनिटांनी.

उत्तरार्धात करपल्याचा वास आला. शरद पटकन आत गेला. तेवढ्यात न्यूझीलंडने गोल केला.

"शऱ्या, मेल्या, काबरं हालना तू?"

"अक्का, आमटी करपी ऱ्हायनी व्हती!"

"करपू दे तुनी आमटी! चल, चौकटले टेक!"

शरद धावत येऊन चौकटीला टेकला. पडद्यावर पंच कानाला हात लावून उभ्या. तपासणी. ऑफसाइड. गोल रद्द! अक्कांनी शरदकडे असं पाहिलं, की मी मनोमन ठरवलं, या बाईशी कधी वाद घालायचा नाही. ऑफसाइड मी समजावून सांगू लागलो, पण खरं कारण त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

शेवटच्या मिनिटांत गोलरक्षक मुलीने एक चेंडू अडवला, तेव्हा वहिनींच्या हातातलं निरांजन विझलं होतं हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. तेजू आधी ओरडली. मग आमच्याकडे शिट्टी वाजली. एक-शून्य! अक्कांनी मऊ पडलेला सतरावा अनारसा ताटात ठेवला आणि खणखणीत म्हणाल्या, "लाबान!" मग मी उठलो. म्हणजे उठायला गेलो. दोन्ही पायांना मुंग्या. नारायण थेट लक्ष्मीच्या अंगावर कोसळले.

करपलेल्या आमटीची तशी चव मी पुन्हा चाखलेली नाही.

संध्याकाळच्या गाडीने अनारशांचा डबा मांडीवर घेऊन आम्ही परतलो. पुढच्या सामन्यात फिलिपिन्सने सहा गोल खाल्ले आणि स्पर्धा संपली. अर्ध्या तासात अक्कांचा फोन.

"जवाई, आज कोठे बसेल व्हतात?"

"खुर्चीवर, अक्का."

"मंग! पाट धाडी देसू."

आठवडाभरात एसटीच्या पार्सलने पाट आला. तो आमच्या टीव्हीसमोर असतो.

दिवाळीत तेजू घरी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी पाटावर बसली. "सरका ना, पप्पा." पाट एका माणसाचा, त्यातून माझ्यासारख्याचा. तरी आम्ही दोघं मावलो आणि मोबाइलवर तोच गोल पुन्हा लावला. चेंडू उंच आला, मुलगी उडाली. सवयीने मी तेजूच्या किंकाळीची आधीच वाट पाहत होतो.

ती आलीच नाही. या वेळी आम्ही दोघं एकदमच ओरडलो.