जाराचा ओंडका

साठच्या दशकात शारजाच्या खाडीवर धक्का बांधणाऱ्या एका कंपनीत मी स्टोअरकीपर होतो. रत्नागिरीकडच्या आमच्या घराण्यात इंग्रजी वाचता येणारा मी पहिलाच, त्यामुळे शिंगं फुटलेली. माझे मामू तिथेच, खाडीच्या काठावर, अरबांची लाकडी गलबतं बांधायचे. सहीच्या जागी ते अंगठा उठवत, पण लाकडाला नुसता हात लावून त्याची जात सांगत. तरी कुठलाही सौदा करण्याआधी कागद माझ्याकडे आणायचे. शिकलेल्या भाच्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असा त्यांचा नियमच होता.

त्या वर्षी एका नाखुद्याच्या, म्हणजे अरब कप्तानाच्या, मोठ्या गलबताचं काम त्यांना मिळालं. तळाचा कणा घालायची वेळ आली आणि मलबारहून येणारा साग अडकून पडला. तेवढ्यात आमच्या धक्क्यासाठी ऑस्ट्रेलियाहून आलेल्या लाकडांतला एक लांबलचक ओंडका जास्तीचा निघाला. गडद लाल, जड. साहेब तो विकायला तयार होता. मामूंनी त्यावर वाकस चालवला आणि धार बोथट झाली तसे खूश झाले. एक ढलपी पाण्यात टाकली, ती बुडाली.

“तळाला असंच जड पाहिजे,” ते म्हणाले. “कागदावर काय लिवलंय बघ.”

कागदावर होतं: जारा, निलगिरीची एक जात. मी मोठ्याने हसलो. आमच्या गावच्या डाकबंगल्यातली निलगिरी मी पाहिली होती. वाळली की पिळवटणारी, तडकणारी, चुलीत घालायच्या लायकीची.

“मामू, ही तर निलगिरी! हिच्यावर गलबत बांधणार? लोक हसतील. खलास, विसरा.”

“माझा हात तर हो म्हणतोय,” ते पुटपुटले. पण ऐकलं माझंच. एका मोडीत काढलेल्या गलबताचा कणा, वरून धडधाकट दिसणारा, त्यांनी बसवला.

तीन वर्षांनी रास अल खैमाच्या अलीकडे ते गलबत फुटलं. माणसं वाचली, माल गेला. ओढून आणलेल्या कण्याची समुद्रातल्या किड्याने चाळण केली होती. तेव्हा कुठे मी साहेबाला निलगिरीबद्दल विचारलं. तो म्हणाला, तिच्या शेकडो जाती आहेत आणि प्रत्येकीचं लाकूड वेगळं. जाराला पाण्यातला किडा सहसा तोंड लावत नाही, म्हणून तर धक्क्याला तेच आणलं. साहेबाचं टेबल माझ्यापासून सहा पावलांवर होतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल दुसऱ्याचा होता, याची मला आजही लाज वाटते.

नाखुदा तावातावाने काठावर आला. “ये लकडी किसने पसंद किया?”

“मैंने,” मामू म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

त्यानंतर खाडीवर कुणी त्यांना नवं गलबत दिलं नाही. दारं-खिडक्या दुरुस्त करत दोन वर्षं काढली आणि ते गावी परतले. मला त्यांनी कधी एका शब्दाने दुखावलं नाही. दुखावलं असतं तर बरं झालं असतं.

नाखुद्याने विचारलं तेव्हा मी मामूंच्या शेजारीच उभा होतो. मला हिंदी येत होती, इंग्रजी येत होती, कामापुरती अरबीही येत होती. ‘मी सांगितलं होतं’ एवढं मात्र एकाही भाषेत माझ्या तोंडून निघालं नाही.