डगच्या शेडमधलं माझं ऑफिस

किस्से रिकाम्या माणसाकडेच जमतात. सतरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, पण मित्रांनी "काय नवीन?" विचारलं की माझ्याकडे ट्रॅफिक आणि डेडलाइन सोडून काही नसायचं. यंदा जानेवारीत कंपनीने पंधरा मिनिटांच्या कॉलवर नारळ दिला, आणि त्यानंतर इतके किस्से जमले की कुठला आधी सांगू असं झालंय!

झालं असं, की घरी बसून मी बायकोचं डोकं खायला लागलो. ईमेल बघायचो, फ्रिज उघडायचो, परत ईमेल बघायचो. शेवटी ती म्हणाली, "मंदार, तू बाहेर जा. कुठेही जा!" आम्ही राहतो त्या ॲन आर्बर गावापासून अर्ध्या तासावर डग नावाच्या म्हाताऱ्याचं मेपलचं रान आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत झाडांना भोकं पाडायची, रस गोळा करायचा आणि लाकडी शेडमध्ये आटवून सिरप करायचं. त्याला सीझनपुरता माणूस हवा होता. ग्रीन कार्ड होतं, हातपाय धड होते. गेलो.

एकच भानगड होती. सांगलीला आई एकटी असते, आणि नोकरी गेल्याचं तिला मी सांगितलं नव्हतं. तिचं ब्लडप्रेशर हे निमित्त. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. दुसरी नोकरी लागली की मग एकदम सांगू, असं ठरवून टाकलं होतं.

* * *

मेपलचं गणित सोपं आहे. रात्री गोठलं आणि दिवसा वितळलं, की रस धावतो. नुसतंच गोठलेलं राहिलं तर काही नाही. मी गेलो आणि पुढचे नऊ दिवस नुसतंच गोठलेलं राहिलं!

रोज सकाळी मी डगला विचारायचो, "आज काय करायचं?"

"वाट बघायची."

"आणि उद्या?"

"आज कसं जातंय त्यावर आहे."

डग हे सगळं इंग्रजीत बोलतो, पण इतकं कमी बोलतो की मराठी करायला कष्ट पडत नाहीत. तो खुर्ची टाकून खुशाल बसायचा. मला बसवेना. शेवटी मी भट्टीसाठी ठेवलेला लाकडांचा ढीग उपसला आणि दोन दिवस खपून लांबी, जाडी आणि जात यांप्रमाणे सगळा परत रचला.

डगने त्याला एक चक्कर मारली. म्हणाला, "सुंदर! आपण ही जाळणार आहोत, माहितेय ना तुला?"

* * *

चौथ्या दिवशी परांजपे काकूंचा फोन आला. परांजपे काका म्हणजे आमच्या मंडळातले सगळ्यांचे हार्टचे डॉक्टर, नुकतेच रिटायर झालेले. काकू म्हणाल्या, "मंदार, तू रानात जातोस ना? मग ह्यांनाही ने रे बाबा. घरी बसून माझ्या फोडणीचं ऑडिट करतात!"

काका आले ते थेट ड्रिल हातात घेऊन. पण भोक पाडायच्या आधी पेशंट तपासायला नको? त्यांनी झाडाच्या खोडावर दोन बोटं ठेवून टकटक केली, कान लावला आणि डगला विचारलं, "वय काय पेशंटचं?"

"शंभरच्या पुढे."

"फॅमिली हिस्टरी?"

डगने मान वळवून लाकडांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "ती तिकडे."

* * *

झाडांपासून टाकीपर्यंत रस निळ्या नळ्यांतून येतो. या नळ्या खारी कुरतडतात. रानभर हिंडून गळती शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि मला जरा हायसं वाटलं. बग शोधणं हाच तर आपला धंदा!

मी एक्सेल शीट केली. झाडांना नंबर दिले, प्रत्येक गळतीला 'हाय', 'मीडियम', 'लो' अशी प्रायॉरिटी दिली आणि तीन रंगांचा चार्ट काढला. शेडमध्ये लॅपटॉप उघडून डगला रीतसर प्रेझेंटेशन दिलं. एकूण एकेचाळीस गळत्या!

डगने शांतपणे सगळं ऐकलं. मग म्हणाला, "खारींना दाखवलंस का?"

मी लॅपटॉप मिटला, टेपचं बंडल घेतलं आणि दुपारपर्यंत एकोणीस नळ्या जोडल्या. सतरा वर्षांत इतके बग एका दिवसात कधी क्लोज केले नव्हते.

* * *

दहाव्या दिवशी एकदाचा रस धावला! माझी मुलगी शाळा सुटल्यावर आली होती. तिने बादलीतला रस चाखला आणि जाहीर केलं, "बाबा, धिस इज लिटरली पाणी." चाळीस बादल्या हे पाणी आटवलं की एक बादली सिरप मिळतं, हे सांगितल्यावर तिने माझ्याकडे फार करुणेने पाहिलं.

पहिलं सिरप निघालं तेव्हा काकूही हजर होत्या. त्यांनी पर्समधून चांदीची वाटी काढली. नव्या धान्याचा, नव्या गुळाचा नैवेद्य आधी देवाला, हा त्यांचा नेम. तिकडे डगची रीत अशी, की सीझनचा पहिला कप रानातल्या सगळ्यात जुन्या झाडाच्या मुळाशी ओतायचा. त्याच्या आजोबांपासून चालत आलेली रीत!

झालं! शेडमध्ये एक कप आणि एक वाटी समोरासमोर उभे राहिले. काका घसा खाकरत छताकडे बघायला लागले. आता या म्हाताऱ्याला देव कसा समजावून सांगायचा, म्हणून मी शब्द जुळवत होतो. डगनेच विचारलं, "तुमच्या देवाला किती वेळ लागतो?"

काकू म्हणाल्या, "पाच मिनिटं."

"मग त्याला आधी द्या. झाडाला घाई नाही."

* * *

आईला मी रोज फोन करायचो. इथली सकाळ म्हणजे तिची संध्याकाळ. एरवी शेडच्या मागे जाऊन साधा फोन लावायचो, पण एक दिवस तिने हट्टाने व्हिडिओ सुरू करायला लावला.

"मागे झाडं कसली रे?"

"ऑफिसचं कॅम्पस आहे."

"आणि ते कुऱ्हाड घेऊन चाललेत ते कोण?"

मी वळून पाहिलं. "मॅनेजर."

"या वयात?" आई म्हणाली. "बरं, त्यांना माझा नमस्कार सांग."

मी नमस्कार सांगितला. डगने टोपी काढून स्क्रीनकडे बघत हात हलवला. मला मात्र दिवसभर स्वतःची शरम वाटत राहिली. त्याच दुपारी डगच्या ट्रकमध्ये बसून, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली चिखलाचे बूट अशा थाटात मी तिसऱ्या राउंडचा इंटरव्ह्यू दिला. दोन दिवसांनी नकाराचं ईमेल आलं. आईला सांगायचं आणखी लांबलं.

* * *

आता शेवटचा. मार्च संपत आला होता. डग ट्रॅक्टर घेऊन रस आणायला गेला होता. कढईपाशी मी, आणि भट्टीत लाकडं सारायला काका. काकांनी उत्साहाच्या भरात जरा जास्तच सारली. बघता बघता कढईत फेस चढायला लागला. पांढराशुभ्र, फसफसणारा, थेट काठापर्यंत! मी डाव घेऊन फेस खाली दाबतोय, तो आणखी फुगतोय, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. माझे हात गुंतलेले, म्हणून काकांनी मदत म्हणून तो उचलला आणि कढईसमोर धरला.

व्हिडिओ कॉल. आई!

"अरे, उतू जातंय ते!" सांगलीहून आवाज आला. "डाव काय मारतोयस? लोणी टाक! बोटभर!"

आईचं माहेर कागलकडचं. तिच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं, आणि कढईवर नि जाळावर नजर ठेवणारा गुळव्या तिने लहानपणापासून पाहिलेला. टेबलावर डगच्या ब्रेकफास्टचं बटर पडलं होतं, त्यातला तुकडा मी कढईत फेकला. फेस असा बसला, की जसा कधी आलाच नव्हता.

"हं," आई म्हणाली. "आता जाळ मागे ओढायला सांग. तुमचा गुळव्या कोण आहे? हे फोन धरलेले?"

काकांनी निमूटपणे फोन माझ्या हातात दिला आणि जाळ मागे ओढायला गेले.

"आई," मी म्हणालो, "ते ऑफिसचं म्हणजे..."

"नोकरी गेली ना? कळलंय मला."

"कधी?"

"नोकरी होती तेव्हा तू रविवारी गाडी चालवताना सात मिनिटं बोलायचास. हल्ली रोज फोन करतोस, आणि मी काय जेवले ते विचारतोस."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू चौथीत होतास, तेव्हा बाबा कामाला होते ती गिरणी बंद पडली. सहा महिने ते रोज आठ वाजता निघायचे आणि सहाला यायचे. त्यांनी काही सांगितलं नाही; मी रोज डबा भरून द्यायचे."

"कुठे जायचे ते?"

"काय माहीत," आई म्हणाली. "डबा रिकामा यायचा."