पोटरीवरची जखम

संत्र्याच्या बागेत काटा मोडणं आम्हा शेंदूरजनाघाटच्या बायकांना नवीन नाही. त्यामुळे माझ्या पोटरीवर फोड उठून फुटला, तेव्हा सासूबाईंनी निदान करून टाकलं, "काटाच हाय." बिब्यात सुई खुपसून तो दिव्यावर तापवला आणि त्याच्या तेलाचा चटका दिला. आमच्या घरात काट्याला हेच औषध. काटा काही निघाला नाही. जखम मात्र बशीएवढी झाली, कडा जांभळ्या पडल्या.

संधिवात मला बऱ्याच वर्षांचा. बोटं वाकडी झालीत, पण त्याच बोटांनी मी भाकरी थापते आणि भांडतेही. सांध्यांचं दुखणं कातडीवर येतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. एका डॉक्टरांनी जखम खरवडली, तर ती आणखी पसरली. पाय कापावा लागेल, अशी घरात कुजबुज सुरू झाली. माझा पाय, आणि मलाच चोरून! मी घाबरलेही होते आणि संतापलेही.

शेवटी अमरावतीच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी जखमेआधी माझी बोटं पाहिली. तपासणीसाठी हातातून रक्त काढलेल्या जागी फोड आला होता, तोही पाहिला. म्हणाल्या, संधिवाताच्या एखाद्याच पेशंटला अशी जखम होते. ही जखम डिवचली की पसरते; हिला टोचायचं नाही, खरवडायचं नाही, चटका तर मुळीच नाही. गोळ्यांनी भरेल, पाय वाचेल.

बाहेर सासूबाई बाकड्यावरून उठेचनात. "म्याच तुहा पाय सडवला वं."

"जखम माह्या अंगातूनच आली, आई. तुमी फुकटचं श्रेय घेऊ नका," मी खेकसले. त्या हसल्या नाहीत.

तेव्हापासून रोज सकाळी जखम त्याच धुवायच्या. मी पाय स्टुलावर ठेवायची, त्या वरून सलाइनची धार सोडायच्या. सासूला सुनेचा पाय लागू नये म्हणून मी अंग चोरून बसायची. महिने गेले, कडा आत सरकत गेल्या आणि एक दिवस जखमेवर कांद्याच्या पापुद्र्यासारखी नवी कातडी दिसली.

सासूबाईंनी तिला हलकेच बोट लावलं. "दुखून राह्यलं का?"

"नाई."

"खरं सांग."

"नाई ना, आई."

त्यांनी माझा पाय उचलला आणि सरळ आपल्या मांडीवर घेतला. मी लाजून ओढायला गेले, तर त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला. मला फार बरं वाटलं. मग मीही तो तसाच राहू दिला.