उजव्या पायाचे दहा दिवस

हर्षा देगलूरकर यांच्या नावावर दोन नोकऱ्या आहेत, असे त्यांचे यजमान प्रमोद म्हणतात. सोमवार ते शुक्रवार त्या सिंगापुरात क्वीन्सटाउनजवळच्या एका विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासतात, आणि शनिवारी सकाळी बुकित पंजांगच्या कम्युनिटी क्लबात चौदा मुलींना कुचिपुडी शिकवतात. पहिली नोकरी काही वर्षांत संपेल. दुसरीला निवृत्तीचे वय नाही.

माहेर देगलूरचे, तेलंगणाच्या वेशीवरचे. घरात मराठी, बाजारात तेलुगू. अकरावीनंतर त्या निजामाबादला मामांकडे राहायला गेल्या आणि कामेश्वरम्मांच्या अंगणात सहा वर्षे नाच शिकल्या. चौऱ्याण्णव साली लग्न होऊन सिंगापूरला आल्या, तेव्हा सामानात पितळी ताट होते. कुचिपुडीत नर्तकी ताटाच्या काठावर दोन्ही पावले ठेवते आणि पावलांनीच ते ओढत रंगमंचभर नाचते. हर्षाताईंची खरी ओळख त्या ताटावरची.

यंदा मार्चमध्ये हैदराबादहून शिरीष नावाच्या दिग्दर्शकाचा फोन आला. कामेश्वरम्मांच्या आयुष्यावर तो तेलुगू चित्रपट करत होता. अठ्ठ्याऐंशी साली बाईंचा सिंगापुरात कार्यक्रम झाला होता, तो प्रसंग इथेच चित्रित करायचा होता. बाईंची भूमिका करणारी नटी बाकी सगळे शिकली, पण ताटावर तिचा निभाव लागेना.

"चेहरा तिचा, पावलं तुमची," शिरीष म्हणाला.

"अहो, मी चोपन्न वर्षांची आहे."

"अम्मा त्या दिवशी पंचावन्नच्या होत्या. मला विशीतली पावलं नकोच आहेत, हर्षागारू," तो तेलुगूतले आदराचे 'गारू' लावून म्हणाला.

श्रेयनामावलीत काय लिहिणार तेही त्याने सांगितले : 'पावले – कामेश्वरम्मांच्या शिष्या, हर्षा देगलूरकर.' हर्षाताईंनी होकार दिला तो या ओळीसाठी. तीस वर्षे त्या बाईंचे नाव सांगून शिकवत होत्या, पण बाईंनी कधी कुणाला प्रमाणपत्र दिले नव्हते, आणि आता त्या हयात नव्हत्या. शिष्या म्हणवून घ्यायला आधार एकच, नाच.

महिन्याभरात शिरीष सिंगापूरला आला आणि थेट शनिवारच्या वर्गात हजर झाला. हर्षाताई ताटावर चढल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या. शिरीषने मात्र वाजवल्या नाहीत. त्याने लॅपटॉपवर अठ्ठ्याऐंशीची जुनी फीत लावली. बाई नाचत होत्या. मध्येच त्यांनी प्रेक्षकांकडे पाठ केली, आणि मग शंकेला जागाच उरली नाही. ताट उजव्या पायाने ओढले जात होते, उजवीकडे. हर्षाताईंचे डाव्या पायाने, डावीकडे.

"काही अडचण नाही," शिरीष म्हणाला. "कॉम्प्युटरवर चित्र उलटं करू. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"मला कळेल. शूटिंग कधी?"

"दहा दिवसांनी. पण एवढ्यात..."

"मग दहा दिवसांनी ताट उजवीकडे जाईल. आणि तोवर तुमच्या त्या ओळीत 'शिष्या' लिहू नका."

चूक कुठे झाली हे त्यांना घरी जाण्याआधीच उमगले. ताटाचा नाच शिकायच्या दिवसांत, लग्नाआधीच्या शेवटच्या महिन्यांत, बाई डोळ्यांच्या ऑपरेशनला हैदराबादला गेल्या होत्या. त्यांच्या जागी हिराक्का, वर्गातली मोठी मुलगी, समोर उभी राहून शिकवत असे. हर्षाताईंनी आरशात बघावे तसे तिचे पाहून उचलले. आपल्या मुलींचे असे होऊ नये म्हणून त्या स्वतः कायम पाठमोऱ्या उभ्या राहून शिकवायच्या.

त्यांनी मुलींना तिथल्या तिथे सांगून टाकले.

"टीचर, म्हणजे आम्ही सगळ्या राँग आह?" तेरा वर्षांच्या अदितीने तिच्या सिंगापुरी ढंगाच्या मराठीत विचारले.

"सगळ्या. आणि चूक माझी."

"अय्यो! तुम्ही आमच्याकडे तोंड करून शिकवलं असतं, तर आम्ही करेक्ट असतो लाह!"

सगळ्या हसल्या. हर्षाताई सर्वांत मोठ्याने.

घरी प्रमोद म्हणाले, "तीस वर्षं लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या काय डाव्या हाताने?"

"अहो, थट्टा पुरे. उद्या पाचला उठवा मला."

ताटाच्या खरखरीने खालच्या फ्लॅटला त्रास होतो, म्हणून सराव ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत. पहाटे दीड तास, ऑफिसातून आल्यावर एक तास. शिरीषने दिलेली फीत लावलेला लॅपटॉप धरून प्रमोद उभे. पहिले तीन दिवस ताट जागचे हलेना. भार डाव्या टाचेवर टाकायची सवयच नव्हती. चौथ्या दिवशी त्या पडल्या आणि कोपर खरचटले. सकाळी चालायला येणारे एक चिनी आजोबा थांबून बघू लागले. त्यांना भाषा कळत नव्हती, पण ताट डावीकडे गेले की ते नाही म्हणून मान हलवायचे. आठव्या दिवशी ताट सात हात उजवीकडे गेले. आजोबांनी अंगठा दाखवला.

शूटिंग एका जुन्या नाट्यगृहात होते. पहिल्या वेळी ताट लाकडी फळ्यांच्या सांध्यात अडकले. दुसऱ्या वेळी शेवटच्या आवर्तनात डावा पाय जुन्या सवयीने पुढे आला आणि हर्षाताई स्वतःच "थांबवा" म्हणाल्या. त्या पाणी प्यायल्या, त्यांनी पावले कोरडी करून घेतली. तिसऱ्या वेळी मृदंग सुरू झाला तेव्हा त्यांनी खाली बघितलेच नाही. ताट उजवीकडे गेले, वळले, समेवर थांबले.

"अप्रतिम!" शिरीष ओरडला. "हर्षागारू, खबरदारी म्हणून अजून एक घेऊ या?"

"कशाला?" हर्षाताई ताटावरून उतरत म्हणाल्या. "आता लिहा, शिष्या. आणि मला निघू द्या. शनिवारी चौदा जणींना पहिल्यापासून शिकवायचंय."