बाबांनी संथ वाजवलेलं गाणं

हॅम्बर्गच्या बंदराजवळच्या बेकरीत आज गोड पावांतल्या वेलचीचा वास आला आणि माझ्या लग्नानंतरची एक दुपार आठवली. माझ्या सासूबाई मूळच्या नॉर्वेच्या. त्यांच्या इथल्या घरात असाच वास दरवळत होता आणि मिरजेहून आलेले माझे बाबा पेटी घेऊन बसले होते. बाबांना जर्मन येत नव्हतं. सासरच्या माणसांच्या घोळक्यात ते एकटे पडतील, अशी मला धास्ती होती.

नवऱ्याच्या मामांनी एक जुनं नॉर्वेजियन गाणं गुणगुणून दाखवलं. नाचाचं, धावतं. संगीतशिक्षक असलेल्या बाबांनी चाल लगेच उचलली असती, पण ते मला म्हणाले, "आधी विहीणबाईंना विचार, हे गाणं मुळात कुणाचं?"

सासूबाई म्हणाल्या, "उन्हाळाभर डोंगरावर गुरं राखणाऱ्या मुलींचं. संध्याकाळी एक गायची, समोरच्या डोंगरावरून दुसरी उत्तर द्यायची. म्हणजे दोघी सुखरूप आहेत हे कळायचं. माझी आई त्यांतलीच. शहरातल्यांनी पुढे त्याचा नाच केला."

मी ते मराठीत सांगितल्यावर बाबांनी मान डोलावली आणि तीच चाल अगदी संथ धरली. ओळ संपली की ते थांबायचे, पलीकडून उत्तर येण्यापुरते. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा सासूबाई गाऊ लागल्या. नवरा माझ्याकडे बघतच राहिला. त्याने आईला गाताना कधी ऐकलं नव्हतं.

गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "वडिलांना सांग, आई असंच गायची."

मी अभिमानाने सांगायला वळले, तर बाबा हसून म्हणाले, "कळलं मला."