अडकलेली अकरा पत्रं

माझा धाकटा भाऊ असा की दूध स्वतःच्या हातून उतू गेलं तरी संशय दूधवाल्यावर घेईल. आम्ही सगळे त्याला शंकासुर म्हणतो. टेलिफोन खात्यात तीस वर्षं तारा जोडल्या, त्यामुळे दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं किती सोपं असतं हे त्याला ठाऊक. रिटायर झाल्यावर म्हणाला, "परक्या कंपनीतून मेल पाठवायची म्हणजे आपलं पत्र चारचौघांत वाचायला ठेवायचं." झालं! चादरींच्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून तिथे स्वतःचा मेल सर्व्हर बसवला. भावजय गेल्यापासून मी याच्याकडेच राहते, म्हणून चादरी आता माझ्या खोलीत असतात.

याची एकुलती एक मुलगी. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं आणि जावई याला पहिल्या दिवसापासून खुपतो. का, तर म्हणे, "फार गोड बोलतो." गेल्या वर्षी फोनवर सासऱ्या-जावयाची अशी जुंपली की मुलगी म्हणाली, "बाबा, यापुढे लिहूनच कळवा. लिहिताना माणूस जरा विचार तरी करतो." विचार करतो, डोंबल!

महिन्यापूर्वी तिचं पत्र आलं. सातवा लागलाय, घरमालकानं जागा सोडायला सांगितलीय, बाळ होईपर्यंत आम्ही दोघं तिकडे येऊ का? महिन्याभरात उत्तर आलं नाही तर तुमची इच्छा नाही असं समजेन. शंकासुरानं ते वाचून डोळे पुसले, खरंच पुसले. लगेच लिहिलं, "दोघंही या. मागची खोली रिकामी करतोय." आणि पलंग सरकवायला मलाच कामाला लावलं.

आठवडा गेला, तिच्याकडून हूं नाही की चूं नाही.

"तुझं ते कपाट बिघडलं असेल," मी म्हटलं.

"अशक्य! हे बघ." त्यानं स्वतःच्याच पत्त्यावर पत्र पाठवलं, ते टुणकन आलं. "इथून जातंय. गडबड तिकडे आहे. तो जावईच आधी उघडतो आणि पुसून टाकतो."

मी फोन उचलला तर म्हणाला, "ताई, माझ्या गळ्याची शपथ! तो शेजारी बसून ऐकणार." मीही खुळी, शपथ पाळत बसले.

मग रोज-दोन रोजांनी एकेक पत्र. दुसरं विनवणीचं, तिसरं रुसव्याचं, पाचव्यापासून जावयाचा उद्धार. त्याला आयतं घर हवंय, तो तुझ्या पाळतीवर आहे, असलं काहीबाही. अकरावं तर मला मोठ्यानं वाचून दाखवलं: "त्याला सोडून एकटी ये, नाहीतर येऊच नकोस." मी म्हटलं, हे पाठवू नकोस रे. तोवर हा पाठवून मोकळा.

तेव्हा मात्र माझा पारा चढला. "अरे शहाण्या, घरातल्या घरात या खोलीतून त्या खोलीत चिठ्ठी टाकतोस आणि टपाल चालू आहे म्हणतोस? मला पाठव." माझा पत्ता त्या परक्या कंपनीचाच. दोघं तासभर बसलो, काही आलं नाही. तेव्हा कुठे त्यानं सर्व्हरच्या नोंदी उघडल्या.

इंटरनेटवाल्यांनी मध्यंतरी आमच्या जोडणीचा नंबर बदलला होता. नव्या नंबरापुढे सर्व्हरचं नाव लावायला त्यांना सांगावं लागतं. यानं सांगितलंच नव्हतं. "त्यांना कशाला हवं माझ्या सर्व्हरचं नाव?" म्हणून! येणारी पत्रं येत होती, पण जाणारं पत्र समोरच्या दाराशी पोचलं की तिकडून विचारणा व्हायची, हा नंबर कुणाचा? नाव नाही? मग नंतर या.

"घे," मी म्हटलं, "भेटला तुला तुझ्यासारखाच."

हसला बापडा. फोन करून नाव लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यासमोर बसून ओरडला, "पोचलं! ताई, पोचलं!" मग पुन्हा, "पोचलं!"

अडकलेलं पत्र साधारण पाचेक दिवस थांबतं आणि परत येतं म्हणे. यानं ती मुदत चाळीस दिवसांची करून ठेवली होती, आणि 'पत्र रखडलंय' अशी सूचना यायची तीही बंद. कारण काय, तर समोरचे टाळाटाळ करतात, आपण चिवट राहायचं. त्यामुळे पहिल्यापासूनची सगळी पत्रं रांगेत तशीच उभी होती.

चौथ्या 'पोचलं'ला त्याचा आवाज चिरकला. कपाटाकडे धावला आणि वायर उपटली. तोवर अकराच्या अकरा गेली होती. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले, आणि बोलता बोलता मलाच रडू आलं. त्या पोरीनं किती वाट पाहिली असेल!

संध्याकाळी वायर परत जोडली तर तिचं उत्तर आलेलं. "बाबा, सगळी पत्रं मिळाली. पहिलं वाचून बॅगा काढल्या होत्या. आता दुसरीकडे खोली बघतोय."

यानं ते दोनदा वाचलं. मी पाण्याचा पेला घेऊन आले, तर हा म्हणतो कसा, "ताई, हे तिनं लिहिलेलं नाही. भाषा त्याची आहे."

शपथ गेली चुलीत. मी तिथेच भाचीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि याचं वाक्य तिला जसंच्या तसं सांगितलं.

 ती म्हणाली, "आत्या, बाबांना सांग, मीच लिहिलंय. तो तर अजूनही म्हणतोय, जाऊ या, म्हातारं माणूस, रागात लिहिलं असेल. मलाच यायचं नाहीये."